कुलपातलं तळं

माझं सासर शनिशिंगणापूरचं. घराला चौकट आहे, दार नाही. कुत्रं आत शिरू नये म्हणून रात्री आडवी फळी लावायची, बस्स. सगळा संसार त्या घरात झाला, किल्ली कधी हातात धरली नाही. मालक गेल्यावर मुलाने मला नागापूरला, त्याच्या सोसायटीत आणलं. तो आणि सून दोघंही एमआयडीसीत कामाला.

फ्लॅटचं दार आपोआप लागतं हे मला कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात गाईची भाकरी घेऊन बाहेर पडले आणि मागे दार खटकन लागलं. आत गॅसवर दूध. गाय काही मिळाली नाही, धूर मात्र सगळ्या मजल्याने बघितला. शेवटी दार फोडावं लागलं. तेव्हापासून मुलगा कामाला जाताना बाहेरून कुलूप लावू लागला. "आई, तुझ्या काळजीपोटीच गं." काळजी! कोंबडीला डालग्याखाली झाकतात तेही काळजीपोटीच.

खोटं कशाला बोलू, मला रडू यायचं. दिवसभर गॅलरीच्या जाळीला नाक लावून खालचं तळं बघत बसायची. इमारती उठवताना बिल्डरने मधली पाणथळ जागा राखली होती, भोवती उंच जाळी ठोकून 'पक्षी अभयारण्य' अशी पाटी लावली होती. रविवारी मुलगा मला तिथे फिरवून आणायचा. मला तिथे एकदा तरी एकटीने जायचं होतं. एवढंच मागणं. तो म्हणायचा, "बघू."

त्या रविवारी सून माहेरी गेली होती. आम्ही दोघं पाणकणसाच्या आडोशाला, पक्षी बघायच्या झोपडीत बसलो होतो. चिखलात बगळे, कडेला टिटव्या. मुलगा दुर्बिणीतून बघत म्हणाला, "किती निवांत आहेत बघ. जाळी आहे म्हणून." तेवढ्यात एक बगळा उठला आणि जाळीवरून बायपासच्या दिशेने निघून गेला.

फाटक बंद करायची वॉचमनची शिट्टी टिटव्यांच्या कलकलाटात ऐकूच आली नाही. फाटकाशी आलो तर बाहेरून कुलूप. मुलाचा मोबाईल घरी चार्जिंगला. त्याने हाका मारल्या, त्याही त्या कलकलाटात बुडाल्या; फाटक गदागदा हलवलं, जाळीवर चढायला गेला तर वर काटेरी तार. शर्ट घामाने चिंब झाला. इकडून तिकडे नुसत्या येरझाऱ्या. मी आपली बाकावर बसून डास मारत होते.

"आई, तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

"मला सवय हाय की बाबा. माझं रोजचंच हाय हे."

त्याच्या येरझाऱ्या थांबल्या. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. अंधार पडता पडता वॉचमन दिवे लावायला आला तेव्हा सुटलो. घरी जेवताना मुलाने ताटातून मान वर केली नाही.

सकाळी तो डबा घेऊन निघाला. मी दाराशी कान देऊन उभी राहिले. किल्ली फिरली, रोजच्यासारखीच. मी निमूट आत वळले आणि भांडी घासायला घेतली. तोच पावलं परत आली. किल्ली उलटी फिरली.

"आई, कुलूप काढलंय गं," दाराबाहेरून आवाज आला. "पण एकटी बाहेर जाऊ नको हं!"

"न्हाई रे बाबा. मी कुठं जातेय?"

लिफ्ट खाली जाईपर्यंत थांबले. गॅस बंद आहे ना ते दोनदा बघितलं. मग दार उघडलं, ते लागू नये म्हणून गावाकडच्या फळीसारखा चौकटीत पोळपाट आडवा लावला, आणि तळ्याकडे निघाले.