किरणने बांधलेली गाडी

कृणाल राणे मुंबईत चारकोपला राहतो आणि एसी दुरुस्तीची कामं करतो. घरात तो आणि वडील भिकाजी, दोघंच. कृणालकडे मिरवायला एकच गोष्ट होती, एक जुनी पांढरी गाडी. बाहेरून कुणी वळून बघणार नाही अशी. पण बॉनेटखाली टर्बो बसवलेला, पिस्टन बदललेले, सायलेन्सरचा पाइप मनगटाएवढा जाड. हायवेवर भल्याभल्यांना मागे टाकायची.

ती बांधली होती किरणने. किरण वर्सोव्याचा कोळी. बापाच्या होडीचं इंजिन खोलता खोलता हात बसला, मग चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला. गिऱ्हाईक म्हणून आलेला कृणाल रोजचा मित्र झाला. गाडी पहिल्यांदा सुसाट सुटली तेव्हा दोघं वेड्यासारखे ओरडले होते.

गेल्या वर्षी किरणला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. गाळाही गेला.

आणि यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. नोंदणी वाढवायची तर तपासणी आली.

धुराच्या तपासणीत नळी घातल्या घातल्या मशीनवरचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. मशीनवाला हसला. "काय रॉकेल टाकलंय का रे?"

धूर साफ करणारा डबा किरणने कधीच काढून टाकला होता. कृणालने कुर्ल्याला भंगारबाजारात तसा डबा शोधला, बसवून घेतला, पुन्हा गेला. आकडा थोडा उतरला, पण गाडी नापासच. एक एजंट म्हणाला, "गाडी आणू पण नको, पीयूसी काढून देतो." पण नोंदणीच्या वेळी आरटीओचा साहेब बॉनेट उघडणारच होता.

मालाडच्या एका मेकॅनिकने लॅपटॉप जोडून बघितलं. म्हणाला, "पेट्रोल जास्त जातंय. किती सोडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो आणि त्याला पासवर्ड आहे. ज्याने लावला त्यालाच विचार."

"आणि कॉम्प्युटरच कंपनीचा लावला तर?"

"मग टर्बो काढ, पिस्टन बदल, सगळं इंजिनच दुसरं टाक. ही गाडी राहिलीच कुठे मग?"

दुसऱ्याने आपलं काम चोरू नये म्हणून किरण पासवर्ड लावायचा. कधी कुणाला सांगितला नव्हता. कृणालने एकदा विचारला तेव्हा म्हणाला होता, "मी आहे ना!"

रविवारी कृणाल गाडीची फाइल उतरवलेला त्या मेकॅनिकचा लॅपटॉप घेऊन वर्सोव्याला गेला. किरणची बायको सुगंधा बाजारातून नुकतीच आली होती, मासळीची टोपली धूत होती. किरण खाटेवर टेकून बसला होता. कृणालला बघून डावा हात उचलला.

"गाडीचा पासवर्ड, किरण. आठवतो का? फक्त दाखव."

किरणने मान हलवली. त्याला कळलं होतं. डावं बोट एका अक्षरावर ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग थांबला. चुकीचा. पुन्हा लावला. चुकीचा. तोंडातून "हा, हा" एवढंच येत होतं. कपाळावर घाम जमला. एकाएकी त्याने तळहाताने सगळ्या कीबोर्डवर थाप मारली, मग पुन्हा पुन्हा मारत राहिला आणि ढसाढसा रडायला लागला.

सुगंधाने हात पुसत येऊन लॅपटॉप बंद केला. "बस झाला रं. नको विचारू त्याला. चमचा धरता येत नाय, तो काय सांगंल?"

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "त्याच्या वह्यांत मी पण शोधलं. काय सापडत नाय."

तरीही कृणाल नोंदणीच्या तपासणीला गेला. साहेबाने बॉनेट उघडलं, टर्बो बघितला, रागावला नाही. "छान काम केलंय कुणीतरी," म्हणाला. "पण पास नाही होणार. मूळचं इंजिन बसवून आण."

घरी भिकाजी म्हणाले, "त्या मित्राच्या हातात काय रवला नाय, मग ह्या मडां कित्याक सांभाळतंस?" गाडी आणखी काही आठवडे गल्लीत उभी राहिली. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या. शेवटी भंगारवाल्याची क्रेन आली आणि गाडी भंगारात गेली. कृणाल खाली उतरलाच नाही.

मग वर्सोव्याला जाणंही टळत गेलं. शेवटी सुगंधाचाच फोन आला, "वाट बघतो रं तो."

कृणाल रिक्षाने गेला. किरणने खिडकीबाहेर वाकून बघितलं, मग डाव्या हाताने स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं.

"गॅरेजला आहे," कृणाल म्हणाला. "काम चालू आहे."

किरण त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग हात खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. कृणाल थोडा वेळ खाटेशी बसला. सुगंधाने चहा आणून ठेवला. तो कुणीच प्यायला नाही.