हेडफोन बदलून पाहिले

दोन-तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास माझे हेडफोन दगा द्यायला लागले, असं मला वाटलं.

मी घरून काम करते. खारघरच्या मागच्या अंगाला, जिथून डोंगर दिसतो आणि वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांचा उग्र वास येतो, तिथे आमचा फ्लॅट आहे. काम असं, की कस्टमर केअरला आलेले फोन रेकॉर्ड होतात आणि ते मी ऐकते. फोन घेणाऱ्याने ग्राहकाला मध्येच तोडलं का, समोरचा चिडल्यावर याचाही आवाज चढला का, हे बघून गुण देते. दिवसभर अनोळखी माणसांची गाऱ्हाणी कानात. हेडफोन ही माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही, पोळपाट-लाटण्यासारखी रोजची आहे.

तरी बिघाड मला कामात जाणवला नाही. ती रेकॉर्डिंग मुळातच खरखरीत असतात, त्यात बरंवाईट काय कळणार? जाणवला तो आबांच्या मेसेजमध्ये.

आबा म्हणजे माझे वडील. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात काढली. आधी माथाडी होते, पुढे टोळीचे मुकादम झाले. गाळ्याच्या या टोकाला उभं राहून त्यांनी हाक मारली की पार तिकडच्या ट्रकवरचा माणूस मान वळवायचा. आई म्हणायची, आमच्या कोपरखैरण्याच्या खोलीत ह्यांनी कुजबुज केली तरी शेजारीण उत्तर देते. आई गेल्यावर आबा गावी परत गेले, कोरेगावच्या बाजूला, माझ्या मोठ्या भावाकडे. तिथे भावाने त्यांना मोबाइलवर बोलून मेसेज पाठवायला शिकवलं, आणि आबांना ते फार आवडलं. समोरचा मध्ये बोलत नाही, हे त्यांना त्यातलं सगळ्यात चांगलं वाटायचं. रोज सकाळी त्यांचा मेसेज यायचा. धुकं किती पडलं, ऊसतोडीची टोळी कुठल्या शिवारात उतरली, कोण आजारी, कोण गेलं. मी हेडफोन घालून पोळ्या लाटता लाटता तो ऐकायची. माझा दिवस तिथून सुरू व्हायचा.

तर त्या मेसेजमधला आवाज दबलेला यायला लागला. तोंडावर उपरणं धरून बोलावं तसा. शब्दांच्या कडा बोथट झाल्यासारख्या, आणि सगळं थोडं नाकातून. मी हेडफोनच्या गाद्या काढून पुसल्या. वायर बदलली. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचे वरचे-खालचे पट्टे हलवून पाहिले, तर आबा पत्र्याच्या डब्यातून बोलतायत असं झालं. मग सगळं पहिल्यासारखं करून ठेवलं. नवऱ्याने हेडफोन कानाला लावून एक गाणं ऐकलं आणि म्हणाला, चांगले तर आहेत. तुला कान नाही, असं मी त्याला म्हटलं. कानाचं काम करते ती मी, तो नाही, असाही एक ताठा होता त्यात.

त्या दिवाळीला आम्ही गावी गेलो नव्हतो, नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. वहिनीचा फोन आला तेव्हा बोलण्याच्या ओघात ती म्हणाली की आबांना हल्ली चहाचा ठसका लागतो, बशीत ओतून दिला तरी लागतो. घाईघाईने पितात, दुसरं काय, असं मी म्हटलं. आबा रविवारी फोनवर यायचे ते स्पीकरवर, मागे भावाच्या मुलांचा गोंधळ आणि टीव्ही. त्या गोंगाटात मी ते काय म्हणतात एवढंच ऐकायची. कसं म्हणतात ते ऐकायला सकाळचे मेसेज होते, आणि तिथे तर हेडफोन खराब होते.

नवीन घ्यायचे म्हणून वाशीला गेले. सेक्टर सतरामध्ये एका दुकानात हेडफोन लावून बघायला देतात. तिथली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची, शांत स्वभावाची. तिने विचारलं की गाण्यासाठी हवेत की कॉलसाठी. मी सांगितलं, माणसाचा आवाज स्वच्छ ऐकू आला पाहिजे. तिने सुचवलं की रोजचं, ओळखीचं काहीतरी लावून बघा, म्हणजे फरक लगेच कळतो. आबांच्या आवाजाइतकं ओळखीचं माझ्याकडे दुसरं काय होतं? मी सकाळचाच मेसेज लावला.

पहिल्या जोडीत आवाज दबका आला. तिने दुसरी दिली, कान पूर्ण झाकणारी. बाहेरचा रस्ता बंद झाला, एसीची घरघर बंद झाली, आणि त्या शांततेत आबा आणखीच लांब गेल्यासारखे वाटले. एका महागड्या जोडीत तर भलतंच व्हायला लागलं. त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. दोन वाक्यांच्या मध्ये तोंडातली लाळ गिळल्याचा आवाज येत होता, ओला आणि जड. मी हेडफोन काढून टाकले. मला तो आवाज किळसवाणा वाटला, आणि स्वतःच्या बापाचा आवाज किळसवाणा वाटावा याचं मनाला बरं वाटलं नाही. ही जोडी नको, म्हटलं, नको ते ऐकवते.

त्या दिवशी काहीच न घेता परतले. मग ऑनलाइन एक जोडी मागवली, तीही परत पाठवली. तोवर घरात हा चेष्टेचा विषय झाला होता. नवरा म्हणायचा, तुझ्यासाठी आता आभाळातून हेडफोन पडायला हवेत. मी हसायची. पण सकाळी मेसेज आल्याची खूण दिसली तरी मी तो लगेच उघडायची नाही. आधी पोळ्या होऊ देत, मग डबा भरून होऊ देत, असं करत ऐकणं पुढे ढकलायची. असं का करतेय, ते स्वतःला विचारलं नाही.

थंडी ओसरत आली तेव्हा पुन्हा त्या दुकानात गेले. त्या मुलीने मला ओळखलं आणि नवीन आलेली एक जोडी काढून दिली. मी मोबाइलवर आबांचे मेसेज शोधायला गेले आणि बोट जोरात फिरलं. यादी सरसर मागे गेली आणि थांबली तिथला मेसेज मी न बघता दाबला.

आणि आबा कानात आले. सगळेच्या सगळे. भरदार, खणखणीत, सातारी हेल काढत. कुणाच्या तरी गाभण म्हशीबद्दल बोलत होते, आणि ‘म्हस’ मधला ‘स’ शिट्टीसारखा वाजत होता. मला इतका आनंद झाला की मी त्या मुलीकडे बघून हात वर केला. सापडली, हीच जोडी. ती बिल करायला वळली. मी सहज तारीख बघितली. मेसेज आदल्या वर्षीचा, उन्हाळ्यातला होता.

मी आजचा लावला. तीच जोडी, तोच मोबाइल. दबका, नाकातला, ओला आवाज.

तिथे एक उंच स्टूल होतं, त्यावर मी बसले. मग पावसाळ्यातला एक मेसेज लावला. चांगला होता. गणपतीतला लावला, ‘आरती’ म्हणताना ‘र’ किंचित लोळला होता. त्यानंतरच्या प्रत्येक मेसेजमध्ये थोडं थोडं कमी. दसऱ्याला ‘ळ’ गेला होता, ‘सकाळ’ म्हणताना जीभ वर पोचतच नव्हती. दिवाळीत शब्दांमधली जागा वाढली होती. काल-परवाच्या मेसेजमध्ये तर आबा शब्द निवडून बोलत होते. जे जमत नाहीत ते गाळून, सोपे तेवढे घेऊन. त्यांना कळत होतं. ते लपवत होते.

“ताई, हा नीट वाजतोय ना?” त्या मुलीने विचारलं. “की दुसरा दाखवू?”

“नको,” मी म्हटलं. “हा अगदी बरोबर वाजतोय.”

मी ती जोडी घेतली. न घेता उठणं मला जमलं नसतं.

दुकानाबाहेर येऊन भावाला फोन केला. तो म्हणाला, अगं, नवीन कवळी बसवलीय ना, म्हणून जीभ अडखळते. घरात सगळ्यांनी तेच धरलं होतं. मी त्याला सांगितलं की आबांना कवळी काढायला सांग आणि ‘सकाळ’ म्हणायला सांग. तो फोन तसाच ठेवून गेला. लांबून त्याचा आवाज येत होता, मग आबांचा. परत आला. म्हणाला, उद्या घेऊन येतो.

आबा आले. बारीक झाले होते. जिने चढले, सोसायटीच्या वॉचमनशी बोलले, वॉचमनला ते कळलं नाही आणि तो नुसता हसला. जेवताना पाण्याचा ठसका लागला तो थांबेना. नवरा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आबा डोळ्यांतलं पाणी पुसत मला म्हणाले, तिखट झालंय. भाजी दुधीची होती.

नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आबांना जीभ बाहेर काढायला लावली आणि बॅटरीचा उजेड पाडला. मीही वाकून बघितलं. जीभ काठाकडून आक्रसली होती आणि स्थिर धरलेली असूनही तिच्यावर बारीक थरथर चालली होती, कातडीखाली मुंग्या फिराव्यात तशी. डॉक्टरांनी बॅटरी बंद केली आणि खुर्चीत मागे टेकले, तेव्हाच मला कळलं. तपासण्या नंतर झाल्या, सुया टोचून नसा बघितल्या, डोक्याचे फोटो काढले. निघालं ते आधीच खोलीत येऊन बसलं होतं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून विझत जातात. आबांच्या बाबतीत ते जिभेपासून सुरू झालं होतं. थांबवणारं औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते सांगताना ते आबांकडे बघत होते, आमच्याकडे नाही, ते मला आवडलं.

आबांनी हाताने थांबा म्हणून खूण केली. शब्द जुळवले.

“बोलनं आदी जाईल,” त्यांनी विचारलं, “का जेवन?”

“बोलणं,” डॉक्टर म्हणाले.

आबांनी मान हलवली. रिक्षात बसल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हंजी तुला आयकू येत हुतं. म्या म्हनलं, कुनाच्या ध्यानात न्हाई येत.” एवढं वाक्य बोलायला त्यांना किती वेळ लागला. मी त्यांना हेडफोनचं काही सांगितलं नाही.

आमच्याकडे राहा म्हटलं तर तयार होईनात. गावीच गेले. सकाळचे मेसेज येत राहिले, आखूड होत गेले. धुकं, ऊस, माणसं त्यांतून एकेक करून बाहेर पडली. मग एक ‘हं’ राहिला. शेवटी काही दिवस नुसता श्वास यायचा आणि मागे कोंबडा, गोठ्यातली भांडी, वहिनीची हाक. आबा बटण दाबून धरून बसायचे. मी ते पूर्ण ऐकायची. त्यानंतर नळीवाटे अन्न, आणि मग छातीही थकली, श्वास पुरेना. दुसऱ्या पावसाळ्यात आबा गेले. शेवटपर्यंत डोळ्यांत ओळख शाबूत होती, हेच सगळ्यात अवघड होतं.

ते हेडफोन मी अजून वापरते. चांगले आहेत. आता फोन ऐकताना मी शब्दांच्या आधी आवाज ऐकते, ते बंद करता येत नाही. मागच्या आठवड्यात एक रेकॉर्डिंग आलं. मध्यमवयीन बाई, गॅसगिझर दुरुस्तीला माणूस आला नाही म्हणून तक्रार करत होती. बोलणं सभ्य, पण नाकातलं. ‘गिझर’ म्हणताना ‘र’ लोळत होता. फोन घेणारा मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता, मॅडम, आवाज क्लिअर येत नाहीये. ती म्हणाली, माझ्या फोनचा प्रॉब्लेम असेल, नवीन घ्यायलाच झालाय. आणि मध्येच तिने लाळ गिळली.

मी ते परत ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. मग माझ्या वरिष्ठ बाईंना फोन करून विचारलं की या ग्राहकाचा नंबर मिळेल का. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या की असा नंबर देता येत नाही, शिवाय तुम्ही काही डॉक्टर नाही, बाई दारू प्यायलेलीही असू शकते. त्यांचं चुकीचं नव्हतं. मला आग्रह धरता आला नाही.

फोन घेणाऱ्या मुलाला मी पूर्ण गुण दिले, तो एकदाही चिडला नव्हता. खाली कारणाच्या रकान्यात ठरलेले पर्याय असतात, त्यांतला एक निवडावाच लागतो, नाहीतर पुढचं रेकॉर्डिंग उघडत नाही. मी ‘लाइनमध्ये बिघाड’ निवडलं. पुढचं रेकॉर्डिंग उघडलं.