शकुन सिस्टर आणि गावाचा ग्रुप

शकुन सिस्टर कोणाला खोक्यासकट औषध देत नसत. ताप असो, रक्त कमी असो की क्षय, गोळ्यांची पट्टी खोक्यातून काढायची, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि कधी घ्यायची ते कानाशी वाकून सांगायचं. रांगेतल्या एखाद्या बाईने मान लांब करून विचारलंच, तर सिस्टर वर न बघता म्हणायच्या, "ताकदीच्या हायेत. तुले बी देऊ का दोन?"

सौंसरजवळच्या आमच्या गावात, उपकेंद्राच्या त्या नर्स. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं आशा कार्यकर्ती होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "तू घरोघरी जाशीन. जे दिसन ते तिथंच ठेवून येत जाय. सोबत आनू नको." किती बाया त्यांच्या खोलीत रडून गेल्या, ते गावाला कधी कळलं नाही.

पुढे रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून कामाच्या ग्रुपवर टाकायची पद्धत पडली. सिस्टरना ते रुचत नसे, पण टाकत. त्यांच्या फोनमध्ये त्या ग्रुपच्या खालीच गावाचा ग्रुप होता. लसीकरणाच्या दिवशी, कडेवरच्या पोरांच्या रडारडीत, क्षयाच्या औषधाचं पान गावाच्या ग्रुपवर गेलं. मी पाहिलं आणि धावत आत गेले. त्यांनी लगेच पुसलं. पण तोवर कोणीतरी ते पुढे पाठवलं होतं.

पानावर पाच नावं होती. त्यांत रेखा होती, बावीस वर्षांची. तिचं लग्न पांढुर्ण्याला ठरलं होतं. संध्याकाळी मुलाकडचा फोन आला आणि लग्न मोडलं.

पुसलं ना, लोक विसरतील, असं सरपंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन सिस्टर पाचही घरी माफी मागायला गेल्या. एका घरी शिव्या मिळाल्या, एका घरी पाणी मिळालं. रेखाच्या घराला कुलूप होतं. तिला मोहगावला मामाकडे नेलं होतं आणि तिथे बोभाटा नको म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या.

सिस्टर दर रविवारी बसने मोहगावला जाऊ लागल्या. मामी दारातूनच परत पाठवायची. दोन महिन्यांनी एकदा मी सोबत असताना रेखा स्वतःच बाहेर आली. गालफडं बसली होती. ती ओसरीवर टेकली आणि हळूच म्हणाली, "मी त्याले सांगणार होती, सिस्टर. लग्नाच्या आधीच. कसं सांगाचं ते पाठ करून ठेवलं होतं."

सिस्टरनी तिचा हात धरला. "माई चूक हाये, पोरी. पन गोळ्या नको सोडू."

तिने पुडी घेतली. परतीच्या बसमध्ये सिस्टर खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "पाठ केलं होतं म्हने."

पण आजार आता जुन्या गोळ्यांना ऐकेना. तिला नागपूरला नेलं. थंडीत ती तिथेच गेली.

त्या दिवशी गावाच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. भोवती फुलं आणि खाली ठळक अक्षरांत, क्षयरोगाने दुःखद निधन. लसीकरणाच्या तारखांखेरीज त्या ग्रुपवर कधी काही न लिहिणाऱ्या सिस्टरनी लिहिलं, "पोरीच्या आजाराचं नाव काढा. आता तरी काढा."

कोणी काढलं नाही. तासाभराने सिस्टर ग्रुपमधून बाहेर पडल्या आणि उन्हाळ्यात बदली घेऊन गाव सोडून गेल्या. निघताना त्यांनी मला जयभीम केला.

त्या गेल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला. खाली जोडलेल्या हातांची लांब रांग होती. त्यात तिसरे हात माझे होते. आजाराचं नाव मी तेव्हा वाचलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.