वाक्यात उपयोग करा

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. सांगलीकडच्या एका लहान गावात माझ्या शाळेतल्या बाईंनी माझ्यावर मेहनत घेतली, म्हणून आज मी कोरेगावजवळच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. त्यांचे उपकार आठवले की पुढची गोष्ट सांगायला जड जाते.

सहामाहीचा पेपर बाहेरून आला होता. त्यात वाक्प्रचार होता, ‘घरात पाळणा हलणे’. अर्थाला एक गुण, वाक्याला एक. मी तो कधीच काढला नसता. मूल जन्माला येणे, हा अर्थ मला पाठ आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, सासूबाईंनी आता विचारणंही सोडलंय.

बहुतेकांनी गाइडमधलं वाक्य उतरवलं होतं. एका मुलीने मात्र लिहिलं होतं, ‘चौदा वर्षांनी माझ्या चुलतीच्या घरात पाळणा हलला, तेव्हा आजी चुलीपुढे बसून रडली आणि भाकरी करपली.’

त्या चुलतीला मी पाहिलेलंही नव्हतं. तिला चौदा वर्षांनी मिळालं, मग मला का नाही? मी अर्धा गुण कापला आणि शेजारी लिहिलं, ‘वाक्य लांबले.’

पेपर वाटल्यावर ती मुलगी शेजारणीचाही पेपर घेऊन टेबलापाशी आली.

“बाई, अर्धा का कापला?”

“वाक्य लांब झालंय.”

“हिचं तर माज्यापरास लांब हाय. हिला पुरा दिलाय तुमी.”

मागून एकजण ओरडला, “आगं, बाईंना करपलेली भाकरी आवडली न्हाई!”

वर्ग हसला. ती हसली नाही. “खोटं न्हाई लिवलं बाई. बाळ लय ग्वाड हाय. रविवारी बारसं हाय, तुमी बी या की.”

माझ्या बाईंनी असा कुणाचा गुण कापला नसता. मी शेरा खोडला, पूर्ण गुण दिला, बेरीज बदलून सही केली. “चूक माझी होती,” असं सगळ्यांसमोर म्हणाले. ती कशी झाली, ते सांगितलं नाही.

बारशाला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून साताऱ्यात घरीच पडून राहिले. आता बाळाच्या कानात नाव सांगत असतील, एवढंच दुपारभर मनात येत होतं.

सोमवारी त्या मुलीने माझ्यासाठी बारशाच्या घुगऱ्या आणल्या. मी त्या वर्गात वाटून टाकल्या. बाळाचं नाव काय ठेवलं, हे काही विचारवलं नाही.