वाळूतली चांदीची डबी

यंत्र निवडायला मला तीन दिवस लागले. तेवढ्या दिवसांत आईच्या पोटात दुधाशिवाय काही गेलं नव्हतं, म्हणून त्या तीन दिवसांचा विषय आमच्या घरात अजून निघतो.

आई उदगीरकडची. पंधरा दिवस आमच्याकडे नांदेडला राहायला आली होती. रविवारी तिला विष्णुपुरी धरणाच्या खालच्या अंगाला गंगेवर नेलं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पाणी उतरलेलं, वाळू उघडी पडलेली. तिथं बसून दशम्या खाल्ल्या, तिनं पाय धुतले, घरी आलो. संध्याकाळी पूजेला बसताना तिचा हात गळ्याशी गेला. दोरा तुटला होता. इष्टलिंगाची चांदीची डबी कुठंच नव्हती.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा लिंगायतांत लहानपणी स्वामी इष्टलिंग बांधतात. ते जन्मभर अंगावर राहायचं, आणि त्याची पूजा झाल्याशिवाय जेवायचं नाही. मी गावाकडच्या स्वामींना फोन केला. नवं बांधून देतो, त्यात दोष नाही, तोवर दूध घेऊ द्या, असं ते म्हणाले. आईनं दूध घेतलं, पण नव्याला नकार दिला.

"ते तिथं वाळूत पडलंय. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली येतंय. अन् मी इथं नवं बांधून भाकरी खाऊ?"

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर घ्यायची असते. हे मी तिला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि दूधच प्यायली.

सोमवारी पहाटे मी आणि बायको पिठाची चाळणी घेऊन गेलो. आम्ही वावरलो ती जागा मी पावलांनी मोजली: वीस बाय पंधरा, म्हणजे तीनशे चौरस पावलं. दोन तासांत चार चाळून झाली. बाकीचा हिशोब मी उभ्या उभ्याच केला आणि धातू शोधायचं यंत्र घ्यायचं ठरवलं. मर्यादा दहा हजार.

इथून माझं डोकं फिरायला लागलं. नांदेडच्या दुकानदारानं माझं बोलणं पुरतं ऐकलंच नाही. काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "काका, खरं सांगा. शेतात हंडा लागलाय का?"

मला शेत नाही, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, असं मी सांगितलं.

"मग सासऱ्याच्या शेतात असंल."

त्यानं दोन वस्तू काढल्या. एक पहारेकरी अंगावरून फिरवतात तसली दांडी, जिला चार बोटांच्या पलीकडचं कळत नाही. दुसरी पस्तीस हजारांची पेटी, जी वीस फुटांवरचं सोनं दाखवते म्हणे. मी बोटातली अंगठी जमिनीवर ठेवून, हिच्यावर दाखव म्हटलं, तर पेटीला शांत जागा लागते म्हणाला.

मग मोबाइलवरचे व्हिडिओ. प्रत्येकात समुद्रकिनारा आणि प्रत्येकाचं मत वेगळं. एक म्हणतो, नवशिक्यानं स्वस्तच घ्यावं. दुसरा म्हणतो, स्वस्त घेतलं तर दोनदा घ्यावं लागतं. खोली किती, याचं सरळ उत्तर कुणी देत नाही. "मातीवर अवलंबून" म्हणतात. मी वहीत तक्ता आखला. सहा यंत्रं, अकरा रकाने. वजन, खोली, तळाची चकती पाण्यात चालते का, पडद्यावर आकडा येतो का, खाऱ्या वाळूत टिकतं का. या शेवटच्या रकान्यानं दीड दिवस खाल्ला, कारण खाऱ्या वाळूत चालणारं एकही यंत्र दहा हजारांत बसेना.

बायकोनं तक्त्यावरून नजर फिरवली. "गंगेला मीठ कधीपासून आलं?"

मी तो रकाना खोडला. ती पुढं म्हणाली, "पोरीला स्थळ बघावं तसं बघून राहिलेत. तिकडं आई वाळून चालल्या."

मी चिडलो, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण घाईत चुकीचं यंत्र आलं असतं तर आणखी आठवडा गेला असता, हेही खरंच होतं. आमच्या वाळूत मीठ नाही, पण काळा कण आहे. लोहचुंबक फिरवला तर त्याला मिशा फुटतात. अशा वाळूवर साधं यंत्र सारखं ओरडतं. म्हणून जमिनीप्रमाणे हातानं जुळवता येईल असं हवं होतं. तसं एकच निघालं, नऊ हजार आठशेला. चकती पाण्यात चालणारी, वरची पेटी मात्र न भिजवायची. बुधवारी रात्री मागवलं, शुक्रवारी आलं.

आता त्याला चांदीची डबी ओळखायला शिकवायचं, तर तशीच डबी पाहिजे. आईला विचारलं.

"तुझं कुठाय?" ती म्हणाली.

माझं कपाटात होतं. लातूरला कॉलेजच्या होस्टेलवर असताना काढून ठेवलं, ते काढलेलंच राहिलं. मी ते तिच्यासमोर आणलं. तिनं ते कपाळाला लावून परत दिलं. गच्चीवर वाळूच्या बादलीत माझी डबी वीतभर खाली पुरली. पडद्यावर आकडा आला: एक्याऐंशी. तीनदा पुरली, तीनदा तोच.

शनिवारी सकाळी आईही हट्टानं बरोबर आली. नदीवर पोचलो आणि मी कपाळाला हात लावला. वरून पाणी सोडलं होतं. माझ्या तीनशे चौरस पावलांपैकी निम्मी पाण्याखाली. परवा आलो असतो तर सगळी कोरडी मिळाली असती.

कोरडा भाग आधी घेतला. बाटल्यांची बुचं, तारेचे तुकडे, गंगेत टाकलेली नाणी. पुढं गुडघाभर पाण्यात उतरलो, पेटी छातीशी धरून. सव्वातीन तासांनी आकडा आला, ऐंशी. मी बाह्या भिजवत हात घातला आणि डबी वर आली. आईचीच. झाकण उघडं, आत काही नाही.

मी तशीच तिच्या हातात ठेवली. मग मला राहवेना. यंत्राला धातू कळतो, आतलं लिंग दगडाचं, ते त्याला दिसत नाही, दिसणारच नाही, हे मी तिला मोठ्या आवाजात सांगायला लागलो. अकरा रकाने आखले होते आणि हा एक आखला नव्हता.

आई डबीकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती.

"तू काढली तिथं पाणी किती हाय?"

"गुडघ्याच्या वर."

"म्हंजी गंगेत गेलं." तिनं डबी पदरानं पुसली. "आमच्यात भंगलेलं लिंग गंगेतच सोडत्यात. आता कुणाच्या पायाखाली न्हाई ते. स्वामींना फोन लाव."

पाणी शुक्रवारी चढलं होतं. मी गुरुवारी आलो असतो तर डबी कोरड्या वाळूत सापडली असती आणि हे वाक्य तिनं म्हटलं नसतं. हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या तक्त्याचं कौतुक झालेलं मलाच पटणार नाही.

रविवारी स्वामी आले. त्याच डबीत नवं इष्टलिंग बसवून त्यांनी आईच्या गळ्यात बांधलं. माझी डबी यंत्राशेजारी टेबलावर होती. आईनं ती उचलून देवघरात नेऊन ठेवली, कपाटात नाही.

पूजा झाली आणि सात दिवसांनी ती जेवायला बसली. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. पहिला घास खाऊन म्हणाली, वरणात मीठ कमी हाय. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीठही मीच तीन दिवस लावून निवडलं होतं.