दांड्याला हात लावायचा नाही

श्यामसुंदरराव तीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले, पण तपासणं सुटलं नाही. गॅस बंद केला की तीनदा बघायचा, कुलूप लावलं की दोन जिने उतरून पुन्हा वर येऊन ओढायचं. पायाला भिंगरी, आणि जीव कायम टांगणीला. "यांना देवानं बूड द्यायचंच राहून गेलं," असं त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणायच्या.

त्या कुसुमताई खुब्याच्या ऑपरेशननंतर गुरुवारी घरी येणार होत्या. पुन्हा पडल्या तर अंथरूण धरावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा हवा होता. ॲपवरून बोलावलेल्या माणसानं कान आणि खांद्यात मोबाईल दाबून चार भोकं पाडली, दांडा ठोकला, फोटो काढला आणि गेला. श्यामसुंदररावांनी सवयीनं ओढून पाहिलं. दांडा हातात आला, सोबत दोन टाइल्स आणि घमेलंभर गिलावा. इथे कुसुमचा हात असता तर, या विचारानं त्यांना दरदरून घाम फुटला.

मग इथल्याच, धायरीतल्या बायडाबाई आल्या. नवरा गवंडी होता. तो गेल्यावर थापी यांनी उचलली.

"स्क्रू निस्ता गिलाव्यात हाय, काका. इटंला शिवलाच न्हाई."

त्यांनी विटेपर्यंत खोदून बोल्ट सिमेंटात बसवले, अंतर चुकू नये म्हणून दांडाही अडकवून ठेवला. "आज सोमवार. गुरुवारपतुर निस्तं पाणी मारायचं. दांड्याला हात लावायचा न्हाई."

मंगळवारी श्यामसुंदरराव दहादा बाथरूमच्या दारापर्यंत जाऊन आले. आपण ओढून पाहिलं म्हणून तर वाचलो, हे डोक्यातून जाईना. दूध उतू गेलं. दवाखान्यात कुसुमताईंशेजारी बसले, तरी सगळं लक्ष त्या भिंतीत. बुधवारी सकाळी त्यांनी हळूच ओढलं. हललं नाही. म्हणून जरा जोरात ओढलं. भिंतीतून कर्र असा आवाज आला.

बायडाबाईंनी भेगेवरून बोट फिरवलं. "त्यानं येकदा वाट लावली, आता तुमी. भित काय पळून जानार व्हती व्हय?"

पुन्हा छिन्नी, पुन्हा सिमेंट, पुन्हा तीन दिवस. त्या रात्री श्यामसुंदररावांना घास गेला नाही. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गुरुवारी कुसुमताई आल्या. त्यांचा वॉकर बाथरूमच्या अरुंद दारातून आत जाईना. त्यांनी दांड्याकडे हात नेला.

"धरू नकोस! ओला आहे अजून. मीच ओढून बिघडवला."

कुसुमताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग आता तुम्ही उभे राहा इथे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, एका जागी."

त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि एक पाऊल आत टाकलं. श्यामसुंदररावांनी खांदा हलू दिला नाही. बाहेर दाराची बेल वाजली. पुन्हा वाजली.

"वाजू दे," ते म्हणाले.