किल्ला करायचाय

उदगीरच्या स्टेशनबाहेर एका म्हाताऱ्या रिक्षावाल्या चाचांना मी म्हणाले, "किल्ला करायचाय."

"किल्ला तर कवाचाच करून ठेवलाय, बेटा. तुमी फकस्त बघून या."

मी ओशाळून रिक्षात बसले. ते आरसा पुसत राहिले. तेवढ्यात मोठा स्पीकर घेऊन किल्ल्यावर निघालेली काही तरुण मुलं आली. "ह्ये रिक्षातच ठिवा, किल्ल्यात नेऊ नगा," चाचा म्हणाले. मुलं चिडून दुसऱ्या रिक्षात बसली.

"सवारी सोडलीत?" न राहवून मी विचारलं.

"कोरोनात सवारी न्हवती, तवा तटाच्या भोकांत पोपट राहायला आले. आता सवारी आली म्हणून त्यास्नी कुठं पाठवू?"

मला एकटीलाच घेऊन ते निघाले. किल्ल्याच्या दरवाजाच्या बरंच अलीकडे इंजिन बंद करून त्यांनी मला चालत पाठवलं. आत स्पीकर आधीच पोहोचला होता.

मी परतले, तेव्हा ते रिकाम्या रिक्षाला टेकून उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "हायेत का?"

"उडाले होते. मुलं गेल्यावर परत आले."

त्यांनी तटाकडे पाहिलं.

"मंग उद्याबी स्पीकरवाल्यांना न्हाई म्हणतो," असं म्हणून त्यांनी रिक्षा सुरू केली.